वैतागाचा पत्ता

मराठी घरात कोण वैतागलंय हे कळायला कुणी काही बोलावं लागत नाही. कान उघडे असले की झालं. स्टीलची ताटं मांडणीत एकामागून एक सरकली, तर घरात सगळं आलबेल आहे. तीच ताटं अर्ध्या वितीवरून सोडली गेली, तर काहीतरी बिनसलंय. आणि ताटांपाठोपाठ चमच्यांचा अख्खा जुडगा खणकन खाली पडला, तर हॉलमधल्या माणसाने टीव्हीचा आवाज बारीक करावा आणि आपण कालपासून काय काय केलं, त्याहीपेक्षा काय काय केलं नाही, याची मनाशी उजळणी करावी. पितळेची भांडी होती तेव्हा ही बातमी चार घरं पलीकडे जायची. हल्ली नॉनस्टिकने पंचाईत करून ठेवली आहे. तो तवा आपटायची सोय नाही, कोटिंग जातं. मग तो सगळा जोर पोळ्या लाटण्यात जातो, आणि त्या दिवशी पोळ्या विलक्षण पातळ होतात.

यात गंमत अशी की आपटलेल्या ताटाचा काही गुन्हा नसतो. हॉलमधल्या माणसाचाही बहुतेक वेळा नसतो. गुन्हा असतो सकाळी अकराला 'आलोच' म्हणून दुपारी चारला फोन बंद करून बसलेल्या प्लंबरचा. पण त्याला बोलायची हिंमत कुणात आहे? तो संध्याकाळी उगवतो तेव्हा 'या ना, दमला असाल' म्हणून आपणच त्याला चहा देतो. त्यात आलंही किसून घालतो. कारण तो रुसून गेला तर मोरीतला नळ रात्रभर ठिबकणार. तेव्हा प्लंबरला आल्याचा चहा आणि ताटाला जमीन, अशी वाटणी होते.

माझं मत विचाराल तर वैतागाचं सगळं शास्त्र या वाटणीत आहे. वैताग ज्याच्यामुळे येतो त्याच्यापर्यंत तो क्वचितच पोचतो. पत्ता चुकलेल्या टपालासारखा तो भलत्याच दारात पडतो. रागाचं तसं नाही. राग माणसाचं नाव, गाव, गल्ली शोधत जातो आणि दार वाजवतो. राग येण्याइतकं मोठं काही घडलेलं नसतं आणि गप्प बसण्याइतकं लहानही नसतं, तेव्हा माणूस वैतागतो. आणि आपल्या आयुष्यात घडणाऱ्या बहुतेक गोष्टी नेमक्या याच मापाच्या असतात.

म्हणूनच वैतागाची वाक्यं कुणालाच उद्देशून नसतात. 'या घरात माझं ऐकतंय कोण!' 'एका माणसाने काय काय म्हणून बघायचं!' ही वाक्यं फ्रीजकडे, छताकडे किंवा उकळत्या आमटीकडे बघून म्हणायची असतात. त्यांना उत्तर द्यायचं नसतं. लहान मुलांना हा संकेत ठाऊक नसतो. एखादं निरागस पोर 'मी ऐकतोय की आई' असं म्हणतं आणि धपाटा खातं. पुरुष वैतागला की त्याची वाक्यं आखूड होतात. 'बरं.' 'असो.' 'चालू द्या तुमचं.' आणि फारच झालं की चपला पायात सरकवून 'जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो.' कोपऱ्यावर त्याला काही घ्यायचं नसतं. तिथे टपरीपाशी असेच चपला सरकवून आलेले आणखी तीन-चार जण उभे असतात, आणि ते राजकारणावर बोलतात. देशाच्या परराष्ट्र धोरणावर मराठी माणूस एवढा पोटतिडकीने का बोलतो याचा उलगडा ज्याला करायचा असेल, त्याने आधी त्याच्या घरी काय झालं ते बघावं.

गावोगावच्या तऱ्हा निराळ्या. कोल्हापूरकडचा 'काय लावलंय राव सकाळधरनं' म्हणून मोकळा होतो. नागपूरचा 'डोकं नको खाऊ बे' म्हणतो आणि पुढच्या मिनिटाला त्याच्याच खांद्यावर हात टाकून तर्री-पोहे खायला नेतो. कोकणातली आजी 'मेल्या' म्हणते तेव्हा तो वैताग आहे की माया, हे त्या मेल्यालाही शेवटपर्यंत समजत नाही.

वैतागाला चेहरा देणारा माणूस आपल्याकडे एकच झाला, आर. के. लक्ष्मण. टाइम्स ऑफ इंडियात १९५१ सालापासून त्यांनी जो 'कॉमन मॅन' काढला, त्या चौकटीच्या कोटातल्या धोतरवाल्याने पुढची पन्नासहून अधिक वर्षं सगळं पाहिलं. खड्डे पाहिले, टंचाई पाहिली, मंत्र्यांची उद्घाटनं पाहिली. पण तो बोलला नाही. बोलली ती त्याची बायको. आता ती कुणाला बोलत असे? मंत्र्याला नव्हे. लक्ष्मण यांनी हे किती अचूक हेरलं होतं बघा, वैताग सरकारचा आणि श्रोता नवरा. पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात आणि मुंबईत वरळीच्या समुद्रकिनारी या कॉमन मॅनचे पुतळे आहेत. बायकोचा पुतळा उभारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. खरं तर बोलण्याचं सगळं काम तिने केलं होतं.

वैताग भलतीकडे कसा जातो हे ज्याला जवळून पाहायचं असेल, त्याने सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीहून मुंबईकडे जाणारी फास्ट लोकल पकडावी. पकडता आली तर. फलाटावर आधीच उद्घोषणा झालेली असते, की गाडी काही मिनिटं उशिराने धावत आहे आणि प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. हा आवाज इतका शांत असतो, की तो दिलगीर आहे यावर देवसुद्धा विश्वास ठेवणार नाही. त्या आवाजाशी भांडता येत नाही. तो भोंग्यात असतो. मग माणूस आत शिरतो आणि नजर चौथ्या सीटवर जाते.

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. लोकलचं बाकडं तिघांचं असतं आणि त्यावर चौघं बसतात. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण घटनेपेक्षा कसोशीने पाळला जातो. चौथा माणूस अर्धाच बसलेला असतो, उरलेला अर्धा पॅसेजमध्ये असतो आणि पायाच्या जोरावर तोललेला असतो. गाडी मुंब्र्याच्या अलीकडे थांबते. का थांबली कुणालाच माहीत नसतं, पण 'ओव्हरहेड वायर' आणि 'पेंटोग्राफ' हे दोन शब्द डब्यात आदराने उच्चारले जातात. पाच मिनिटं होतात, दहा होतात. कुणी मोटरमनला बोलत नाही, तो बारा डब्यांपलीकडे आहे. मग चौथ्याची बॅग तिसऱ्याच्या गुडघ्याला लागते.

"जरा आत सरकता का?"

"सरकायला जागा आहे का? बघा की."

"खिडकीतल्या काकांनी पाय आवरले तर होईल ना."

"माझे पाय तुम्हाला कुठे लागले हो?"

"एवढी अडचण होतेय तर टॅक्सीने जायचं."

'टॅक्सीने जायचं' हे लोकलमधलं ब्रह्मास्त्र. ते सुटलं की सगळा डबा कान टवकारतो, दोघं-तिघं हसतात आणि गाडीला हिसका बसून ती चालू लागते. चालू लागल्यावर भांडण आपोआप विरतं. दादरपर्यंत तिसरा चौथ्याला विचारतो, 'तुमचं ऑफिस कुठं?'

पण खरी मौज पुढेच आहे. ही गाडी जाते कुठे? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला. आणि मध्य रेल्वेचं मुख्यालय कुठे आहे? त्याच इमारतीत, ज्या इमारतीला २००४ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला. म्हणजे उशिरा आलेल्या गाडीतले हजारो वैतागलेले लोक रोज सकाळी थेट त्या वैतागाच्या मुख्य कचेरीच्या पायरीशी उतरतात. असा योग जगात फार कमी लोकांच्या वाट्याला येतो. वर जिना चढला की साहेब. पण एक माणूस वर जात नाही. सगळे सबवेकडे धावतात, कारण गाडी उशिरा आल्यामुळे ऑफिसला उशीर झालेला असतो. पश्चिम रेल्वेची मंडळीही काही वेगळी नाहीत. त्यांचं मुख्यालय चर्चगेटला, आणि तीही तिथून धावतच सुटतात.

एसटी स्टँडवर निदान माणूस तरी दिसतो. चौकशीची खिडकी असते, तिला जाळी असते, जाळीला हात जाईल एवढं भोक असतं, आणि आतला गृहस्थ वहीत काहीतरी लिहीत असतो. 'साहेब, सातारा कधी लागेल?' असं विचारलं की मान वर न करता उत्तर येतं, 'लागली की दिसेल.' तर्कशास्त्राच्या दृष्टीने या उत्तरात काढायला एक खोट नाही. पण ऐकणाऱ्याचं रक्त उसळतं. आणि उसळलेलं रक्त घेऊन तो कुठे जातो? बाकावर बायको बसलेली असते, सामानाशी. 'तुला म्हटलं होतं आदल्या गाडीने निघू म्हणून.' एसटीत तक्रार पुस्तिका असते आणि ती मागितली की द्यावी लागते. पण मागणारा माणूस इतका दुर्मीळ, की पुस्तिका मागितल्यावर कंडक्टर आधी 'काय झालं, सांगा ना मला' म्हणून शेजारी येऊन बसतो.

या क्षेत्रात मोठी क्रांती केली ती टेलिफोनने. २०२० सालच्या मार्चमधले दिवस आठवा. कुणालाही फोन लावा, आधी खोकला ऐकू यायचा. बरं, ते करोनाचे दिवस होते, खोकला ऐकताच माणूस दचकून मोबाइल कानापासून लांब धरायचा. त्यानंतर सूचना, त्यानंतर रिंग. दूध उतू चाललंय आणि गॅस बंद कर हे सांगायला बायकोला फोन लावावा तर आधी हात धुवा. फोन लागेपर्यंत दूध खाली आलेलं असे आणि वैताग वर. तो निघायचा पलीकडून जो बिचारा 'हॅलो' म्हणेल त्याच्यावर. पुढे अमिताभ बच्चन यांचा आवाज आला. सबंध देश मुकाट्याने ऐकत असताना २०२१ च्या जानेवारीत एका माणसाने तो आवाज बंद करावा म्हणून चक्क दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तेवढ्यात लस आली आणि धूनही बदलली. पण आपला वैताग नेमक्या पत्त्यावर पाठवणारा तो एकटा निघाला, याची नोंद व्हायला हवी.

आता तर कंपन्यांनी हा आमचा स्वभाव पक्का ओळखला आहे. ग्राहक वैतागणार हे त्यांनी गृहीत धरलंय. प्रश्न एवढाच, की तो कुणावर वैतागेल? मालकावर तर नक्की नको. म्हणून मध्ये आधी आकडे ठेवलेत. मराठीसाठी तीन दाबा. बिलासाठी एक दाबा. मागच्या पर्यायावर जाण्यासाठी नऊ दाबा. 'आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे' असं सांगून सतारीवर तीच तीन कडवी वाजवतात. मी सतारीचा चाहता होतो. शेवटी एक पोरगा येतो, जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा. तो इतका अदबीने बोलतो, की वाटतं याच्या आईने याला किती छान वळण लावलंय. 'सर, आपणास झालेल्या असुविधेबद्दल मी क्षमा मागतो.' अरे, पण तू कशाला क्षमा मागतोस बाबा? इंटरनेटची वायर तू तोडलीस का? ती तोडली रस्ता खोदणाऱ्याने, दुरुस्त केली नाही कंपनीने, आणि शिव्या खायला बसवलंय तुला. तरी आपण त्याला बोलतो. चांगलं खरपूस बोलतो. 'तुमच्या मॅनेजरला द्या' म्हणतो. मॅनेजर जेवायला गेलेला असतो. कुठलाही मॅनेजर केव्हाही जेवायलाच गेलेला असतो.

फोन ठेवला की मोबाइलवर संदेश येतो. आमच्या सेवेला एक ते पाच यांपैकी किती गुण द्याल? इथे खरी मेख आहे. हे गुण कंपनीला नसतात, त्या पोराला असतात. आपण कंपनीवरच्या रागाने एक दाबतो आणि तिकडे त्या अदबशीर मुलाची फाइल लाल होते. कंपनीचा शेअर आहे तिथेच. मला वाटतं, इतक्या शांत डोक्याने वैतागाची विल्हेवाट लावायची पद्धत जमीनदारांनाही सुचली नव्हती. आणि आता तर तो पोरगाही जातोय, त्याच्या जागी चॅटबॉट येतोय. तुम्ही तळतळून लिहिता, 'अरे बाबा, एखाद्या माणसाशी बोलू दे.' तो लिहितो, 'क्षमस्व, मला समजलं नाही. कृपया खालील पर्यायांपैकी एक निवडा.' त्या पर्यायांत माणूस नसतो.

पूर्वी असं नव्हतं. आपल्याकडे वैताग थेट वरपर्यंत पोचवायची परंपरा होती, आणि ती एका कामकरी बाईची होती. जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करायच्या, पाणी भरायच्या, राबून राबून जीव मेटाकुटीला यायचा. त्यांच्या नावावरच्या अभंगांत भक्ती आहे, माया आहे, तशी विठोबाची एकेरीवर येऊन काढलेली खरडपट्टीही आहे. अशी भाषा आज कुणी सोसायटीच्या सेक्रेटरीला वापरली तर पोलिसांत तक्रार जाईल. भांडी आपटली नाहीत, शेजारणीला बोल लावला नाही. जो जबाबदार, त्याला धरलं. आणि याच परंपरेत विठोबा जनीच्या शेजारी दळायला बसल्याच्या, गोवऱ्या वेचू लागल्याच्या कथा आहेत. तक्रारीची इतकी तडकाफडकी दखल घेतल्याचं दुसरं उदाहरण महाराष्ट्राच्या प्रशासकीय इतिहासात मला तरी आढळलेलं नाही.

ही परंपरा थोडीफार टिकवली ती पुणेकरांनी. पुणेरी पाट्यांना लोक उद्धटपणा म्हणतात. ते चूक आहे. पुणेरी पाटी म्हणजे समोरचा यायच्या आधीच त्याच्या नावे रवाना केलेला वैताग. पेठेतल्या एका वाड्याच्या दारावर एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्यांच्या पाट्या मी पाहिल्या आहेत. सगळ्यात जुनी पत्र्याची, तैलरंगातली: 'दारासमोर वाहने लावू नयेत.' नुसतं एवढंच. आजोबांचा माणुसकीवर विश्वास असावा. तिच्याखाली लाकडी फळीवर: 'लावल्यास हवा सोडण्यात येईल.' हे वडील. आणि खाली प्लॅस्टिकमध्ये घातलेला, प्रिंटरवर काढलेला कागद: 'हवा सोडूनही लोक वाहने लावतात. आम्ही हवा सोडून दमलो आहोत. पंपाचे दुकान डाव्या हाताला आहे.' तीन पिढ्यांच्या पाट्यांसमोर दोन स्कूटर आणि एक टेम्पो उभा होता, हे सांगायचं नाही म्हटलं तरी सांगायला हवं. टेम्पोचालक हसत हसत शेवटची पाटी आपल्या साथीदाराला वाचून दाखवत होता.

आता सोसायटीकडे वळतो, कारण वैताग साठवायचं याच्याएवढं मोठं कोठार दुसरं नाही. लिफ्ट बंद, वरच्या मजल्याची गळती, पार्किंगमध्ये भलत्याचीच गाडी, टाकी रिकामी आणि टँकर आला तर तो फक्त 'बी' विंगला. वर्षभर हे सगळं कुणावर निघतं? वॉचमनवर. तो मूळचा कुठल्यातरी दूरच्या राज्यातला, घरापासून लांब, रात्रपाळी करून डोळे तांबारलेला. त्याने लिफ्ट बनवलेली नाही, टाकी बांधलेली नाही, पार्किंगची चिठ्ठी काढलेली नाही. पण येणारा-जाणारा त्याला 'लक्ष कुठे असतं तुझं?' असं विचारून जातो. उरलेला वैताग व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर जातो. तिथे रात्री अकराला कुणीतरी 'हे असंच चालणार का?' असं लिहितो, त्यावर नऊ अंगठे येतात, एक हात जोडलेला येतो, आणि सकाळी सहाला त्याच्यावर सूर्योदयाचं चित्र आणि सुविचार पडून विषय दबतो.

आणि वर्षातून एकदा, आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. सहकारी संस्थांचा १९६० चा कायदाच आहे तसा. चौदा दिवस आधी नोटीस निघते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हिशेबपत्रकास मंजुरी देणे, ऐनवेळचे विषय मा. अध्यक्षांच्या परवानगीने. हीच ती जागा. इथे सेक्रेटरी समोर बसलेला असतो, खजिनदार समोर बसलेला असतो, आणि त्यांना उत्तर द्यावंच लागतं. जनाबाईंना जे पंढरपुरात मिळालं ते आपल्याला तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मिळतं. वर बटाटेवडा आणि चहा.

आणि येतात किती? अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, तळमजल्यावरचे निवृत्त काका आणि बटाटेवड्यासाठी आलेली दोन मुलं. गणपूर्ती होत नाही. सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते. तो अर्धा तास सगळे भिंतीवरची गळती बघत बसतात. मग त्याच ठिकाणी सभा पुन्हा भरते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणून ती चार माणसं पाच मिनिटांत पुढच्या वर्षभराचं सगळं मंजूर करतात. वरच्या मजल्यांवर तेव्हा बाकीची मंडळी खिडकीत उभी राहून 'यांचं काय चाललंय खाली देव जाणे' म्हणत असतात आणि स्वयंपाकघरात कुणीतरी ताट आपटत असतं.

तेव्हा एवढं करा. जिन्याखालच्या काचेच्या चौकटीत नोटीस लागली की तारीख लिहून ठेवा. त्या रविवारी वेळेवर खाली या, खुर्ची पुढे ओढून बसा आणि गळतीचं काय झालं ते ज्याला विचारायचं त्यालाच विचारा. गणपूर्ती तुमच्यावाचून अडली आहे. आणि आत येताना वॉचमनला उगाच काही बोलू नका, त्याची रात्रपाळी नुकतीच संपलेली असते.